सर मुलांना तसं कधीच म्हणाले नाहीत

ही गोष्ट सांगायची मी पुष्कळ वर्षं टाळली. कुणी विचारलंच नाही असं म्हणायची सोय नाही, कारण विचारणारे भेटत होते. मुलगा विचारायचा, सून विचारायची, सकाळी फिरायला येणारे विचारायचे, की तुम्ही त्या गेमवाल्या कंपनीत होता ना, मग त्या खडूस मास्तरला पाहिलं असेल. मी हो म्हणायचो आणि नळाला पाणी कोणत्या वारी येणार यावर विषय न्यायचो. आमच्या शहरात तो विषय कधी संपत नाही.

पण मध्यंतरी एका लग्नात माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या माणसाचा फोन वाजला. चांगला चाळिशीचा, केस विरळ झालेला माणूस. फोनमधून सरांचा आवाज आला, "चूक." कोरडा, तापलेला, दार आपटल्यासारखा. आजूबाजूचे सगळे हसले. तो मला म्हणाला, "काका, आमच्या लहानपणीचा गेम. लई डेंजर मास्तर होता." त्याचा फोन उचलून वरणात बुडवावा असं मला मनापासून वाटलं. बुडवला नाही. घरी आलो आणि लिहायला बसलो.

तर पहिल्यांदा हे स्पष्ट सांगतो. तो आवाज सरांचाच आहे. पण सरांनी हा शब्द कोणत्याही मुलाला उद्देशून आयुष्यात कधी उच्चारला नाही. तो मुलांच्या कानात मी घातला. कसा, ते पुढे येईल. आधी सर कोण होते ते सांगितलं पाहिजे, कारण लोकांना फक्त तो एक शब्द माहीत आहे, आणि एवढ्यावरून ते एका माणसाला ओळखतो म्हणतात याचाच मला राग आहे.

इंटरनेट नवं होतं तेव्हाची गोष्ट. शहराला औरंगाबाद म्हणत. उस्मानपुऱ्यात एका चष्म्याच्या दुकानावर आमची कंपनी होती. टेलिफोनच्या तारेतून किंचाळत येणारं इंटरनेट आम्ही घरोघर विकायचो. आमचे मालक तिशीच्या आतले, गंगापूरकडच्या जमीनजुमल्याच्या घरातले, पुण्याला शिकून आलेले. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांचं डोकं धंद्यात चालायचं. बाप कॉम्प्युटर घ्यायला निघाला की आई विचारते, यात पोरांसाठी काय आहे? तर कनेक्शनबरोबर पोरांसाठी गणिताच्या खेळाची सीडी फुकट द्यायची, असं त्यांनी ठरवलं. सीडीचं नाव ठेवलं 'पाढ्यांची गाडी'. आता तिला व्हिंटेज म्हणतात. लोक भंगारातून जुनी मशीन आणून त्यावर ती चालवतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात.

मी तिथे आवाजाचा माणूस होतो. त्याआधी रिक्षावर भोंगा बांधून फिरणाऱ्या जाहिराती मी रेकॉर्ड करून द्यायचो. साड्यांचा सेल, सर्कस, निवडणूक, काय येईल ते. दादांनी मला एक खोली दिली. भिंतींवर गोधड्या लावल्या, पंखा काढून टाकला आणि त्याला स्टुडिओ म्हणायचं ठरलं.

खेळ बसवण्यासाठी दादांना गणिताचा शिक्षक हवा होता. बरेच जण फायली घेऊन आले. सर कापडी पिशवी घेऊन आले. खुलताबादच्या शाळेतून नुकते निवृत्त झालेले, बुशशर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, नाकात तपकीर. त्यांनी दादांना एकच प्रश्न विचारला, की पोरगं चुकलं तर तुमचं मशीन काय करतं? दादा उत्साहाने म्हणाले, बझर वाजतो, स्क्रीनवर लाल फुली येते. सर उठले, नमस्कार केला आणि निघाले. जाताना जिन्याऐवजी माझ्या खोलीचं दार उघडून आत आले.

दुसरा कुणीही सॉरी म्हणून परत फिरला असता. सर आत येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "इथं काय चालतं?"

ही त्यांची रीत होती. वाट चुकून कुठे पोचलं, तर ती जागा बघून घ्यायची. मी त्यांना दोन वाक्यं बोलायला लावली आणि ऐकवली. स्वतःचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच बाहेरून ऐकला होता. पुन्हा लावा म्हणाले. मग आणखी एकदा. मग विचारलं, की हा आवाज एखाद्या पोराच्या घरात मी नसताना बोलेल का? मी म्हणालो, बोलेल की, रात्रंदिवस बोलेल. ते परत दादांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, बझर नसेल तर येतो.

म्हणजे सरांना कंपनीत मी आणलं. हेही माझ्याच खात्यावर लिहायला हवं.

त्यांची ही रीत काही वेळा फार हास्यास्पद व्हायची. एकदा त्यांना हर्सूलच्या तलावावर जायचं होतं. रिक्षावाल्याने त्यांना हर्सूलच्याच तुरुंगाच्या दारात उतरवलं आणि तो निघून गेला. सरांनी पहारेकऱ्याची विचारपूस केली, मागच्या क्वार्टर्समधल्या त्याच्या घरी चहा घेतला, त्याच्या मुलीचं भागाकाराशी वैर आहे असं कळलं, आणि मग कितीतरी रविवार ते तिथे जात राहिले. तलाव पाहिला का म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "आता तिकडं जायला वेळ कुठंय?" टपरीवाल्याने चहाऐवजी कॉफी आणली तर कॉफी प्यायचे. कंपनीतल्या कुणी त्यांना दुसऱ्याच माणसाच्या नावाने हाक मारली तर ओ द्यायचे आणि तो माणूस कोण याची नंतर चौकशी करायचे.

यावरून ते गरीब गाय होते असं कुणी समजू नये. मोठ्या माणसांशी ते भयंकर भांडायचे. दादांना एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही हुशार आहात हे कुणीतरी तुम्हाला लवकर सांगितलं, त्यानं घात झाला." प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांना त्यांनी रडकुंडीला आणलं. ठरलेली वेळ त्यांनी एकदाही पाळली नाही. शिंक येताना माइकपासून तोंड फिरवावं हे मी त्यांना शेवटपर्यंत शिकवू शकलो नाही. पण उत्तराला ते कधी चूक म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "माणूस मूर्ख असतो. उत्तर मूर्ख नसतं. ते कुठल्यातरी दुसऱ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर असतं." शाळेत असताना त्यांनी तांबडी शाई वापरली नाही. मुलाने सात आठे चोपन्न लिहिलं तर त्याच्या शेजारी ते लिहायचे, हे नऊ सकचं उत्तर आहे, याला त्याच्या घरी सोडून ये. यासाठी त्यांना वरून मेमो आला होता. तो त्यांनी मला हसत सांगितला, पण ते हसणं फारसं खरं नव्हतं.

'पाढ्यांची गाडी' त्यांनी याच तत्त्वावर बसवली. मुलगा गाडीचा ड्रायव्हर. फाटा आला की प्रश्न आणि समोर दोन-तीन रस्ते, प्रत्येक रस्त्यावर एक आकडा. सात आठे छप्पन्न असा रस्ता घेतला तर गाडी पुढे. चोपन्नचा घेतला तर गाडी चोपन्न नावाच्या गावाला जायची. तिथे पारावर एक म्हातारा बसलेला, तो सरांच्या आवाजात म्हणायचा, या, बसा, हे नऊ सकचं गाव. सहा नव्वेही इथंच राहतात. तुम्हाला कुणाकडं जायचं होतं? मग तो रस्ता सांगायचा. प्रत्येक गाव वेगळं. कुठे बाजार भरलेला, कुठे सीताफळांचे ढीग, कुठे कुस्त्या चाललेल्या.

आमच्याकडे सुजाता नावाची प्रोग्रामर होती. बौद्ध घरातली, वडील कारखान्यात कामाला, घराण्यातली पहिली इंजिनिअर. सरांशी न रडता बोलू शकणारी कंपनीत ती एकटीच. तिने विचारलं, "सर, त्रेपन्न उत्तर दिलं तर? त्रेपन्न कुठल्याच पाढ्यात येत नाही."

सर बराच वेळ तपकिरीची डबी फिरवत बसले. मग म्हणाले, "माळरान दाखव. घर नाय, झाड नाय. एक बाभळ. वारं वाहू दे. तिथं कुणी बोलायचं नाय."

सुजाताने तो माळ इतका सुंदर केला, की चाचणीला आणलेली कॉलनीतली मुलं मुद्दाम त्रेपन्नला जायला लागली. मग सत्तेचाळीसला. मग एकोणसाठला. हे माळ शोधायचे तर आधी सगळे पाढे यायला हवेत. कुणी न सांगता ती मुलं कुठल्याच पाढ्यात नसलेले आकडे शोधून काढत होती. सर मागे उभे राहून बघायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी इथे लिहायला गेलो तर खोटं वाटेल, म्हणून लिहीत नाही.

हा माणूस खडूस.

त्या व्हिडिओंखाली लोक काय काय लिहितात ते सुनेने मला वाचून दाखवलं. एकाने लिहिलंय, असले मास्तर होते म्हणून आमची पिढी गणितात मागे राहिली. एक बाई लिहितात, अजून हिशोब करताना हा आवाज कानात येतो आणि हात थांबतो. दुसऱ्या कुणीतरी सरांचं चित्र काढलंय, हातात छडी, डोळे वटारलेले. छडी. त्या माणसाने आयुष्यात साधी पट्टीसुद्धा हातात धरली ती फक्त रेघ मारायला. मला या लोकांना एकेकाला गाठून सांगावंसं वाटतं, की बाबांनो, तुम्ही ज्याला शिव्या देताय तो तुमच्याच बाजूने भांडत होता.

आणि मागच्या वर्षीचा तो सत्कार. दादा आता मोठे झालेत, म्हणजे खरोखर मोठे. इंटरनेटची कंपनी केव्हाच बुडाली, पण त्यांच्या जमिनी आणि इमारती तरल्या. शहराच्या तरुणांनी 'मराठीतल्या पहिल्यावहिल्या शैक्षणिक गेमचे जनक' म्हणून त्यांचा सत्कार ठेवला. जुना कर्मचारी म्हणून मलाही बोलावलं. स्टेजवर एक विनोदी नट आला. धोतर, टोपी, छडी. त्याने तो शब्द उच्चारला आणि सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. दादा भाषणात म्हणाले, "आमचे ते कडक सर. क्या आदमी था. आज हवे होते." नाव त्यांनी घेतलं नाही. मला वाटतं, ते त्यांना आठवलंच नाही. सगळं काम सरांचं आणि सुजाताचं, आणि हे जनक.

मग मला शाल दिली आणि माइक हातात दिला. समोर शेकडो माणसं बसली होती, माइक चालू होता, दादा शेजारी होते. मी म्हणालो, जुन्या आठवणी जाग्या झाल्या, आनंद वाटला. आणि खाली बसलो. परतीच्या रिक्षात मी इतका संतापलो होतो की रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

आता ते कसं घडलं ते.

सीडी तयार होत आली तेव्हा शाळा चालवणाऱ्या एका मोठ्या संस्थेने तिच्यात रस दाखवला. सगळ्या शाळांतून ती लावू म्हणाले. दादा हरखले. संस्थेचे अध्यक्ष बघायला आले, त्यांच्यासमोर काही मुलं बसवली आणि अर्थातच ती मुलं थोड्याच वेळात माळावर पोचली. अध्यक्ष म्हणाले, "हे काय? पोरं मुद्दाम चुकतायत. चुकलं की इथं बक्षीस आहे का?" त्यांची अट साधी होती. उत्तर चुकलं की फुली आली पाहिजे, आणि शिक्षकाच्या आवाजात तसं सांगितलं पाहिजे.

दादा सरांना घेऊन माझ्या खोलीत आले. मे महिना होता. सरांनी डोक्यावर ओला टॉवेल घेतला होता, माळाच्या आधीच्या एका गावाची वाक्यं म्हणणं चाललं होतं. माझी एक जुनी सवय इथे सांगितली पाहिजे. मी रेकॉर्डिंग मधे कधी बंद करत नसे. भोंग्याच्या जाहिरातींपासूनची सवय. माणूस माइकसमोर सावरून बोलतो तेव्हा लाकडासारखा बोलतो, आणि आता झालं असं समजून पाणी प्यायला लागला की खरा बोलतो. सरांची पारावरच्या म्हाताऱ्याची उत्तम वाक्यं मी अशीच मधल्या बोलण्यातून उचलली होती. सरांना ते माहीत होतं. त्यांना ते आवडायचंसुद्धा. म्हणायचे, "साउंडवाले, तुम्ही माझ्या खिशातलं काढता."

दादांनी गोड बोलून पाहिलं, मग समजावून पाहिलं. शेवटी म्हणाले, "सर, आपण धंदा करतोय. एकच तर शब्द आहे. बोलून टाका ना."

सर उठून उभे राहिले. तोंड माइकच्या अगदी समोर होतं. म्हणाले, "चूक." मग श्वास घेतला, मोठा, रागाचा. आणि मग पुढचं वाक्य, "हा शब्द मी पोरांपुढं काढणार नाय. तुम्हाला काय करायचं ते करा."

टॉवेल खुर्चीवर टाकून ते बसस्टँडला निघून गेले.

दादा गेल्यावर मी ते परत ऐकलं. माझ्या धंद्यात तो शब्द म्हणजे नशीब होतं. अगदी स्वच्छ, पुढेमागे काही नाही, आणि त्याच्यानंतर श्वासाची जागा. कात्री चालवायला याहून चांगली जागा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दादांनी विचारलं, काही करता येईल का? मला त्यांनी धमकावलं नाही, लालूच दाखवली नाही. मी नाही म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, बघतो. कारण ते मला जमणार होतं आणि जमतं हे मला दाखवायचं होतं. मी तो शब्द कापला, थोडा उंच केला, आणि दादांना ऐकवला. दादा म्हणाले, वा, जोड कुठे आहे ते कळतच नाही. मला फार बरं वाटलं.

सुजाताने मात्र विचारलं. "काका, सरांना सांगितलं ना?"

मी हो म्हणालो.

तिने फुली बसवली, शब्द बसवला, आणि चुकीच्या रस्त्यावर गेलेली गाडी तिथल्या तिथे परत फिरेल असं केलं.

एक गोष्ट मला तेव्हा कळली नाही, नंतर अनेक वर्षांनी कळली. तो राग आमच्यावरचा होता. मोठ्या माणसांनी मुलांच्या खेळात फुल्या घालायला लावल्या याचा तो राग. मी तो जसाच्या तसा उचलला आणि मुलांवर सोडला. म्हणून तर तो आवाज इतका झोंबतो. लोक म्हणतात, असं कुणी मुलांशी बोलतं का? नाही बोलत. कुणीच बोललं नव्हतं.

संस्थेच्या एका शाळेत सीडीचं उद्घाटन झालं. नवे कॉम्प्युटर, प्रत्येकावर फुलांचा हार. सर पाहुणे म्हणून पुढे बसले होते. त्यांना वाटत होतं की ते निघून गेल्यावर दादांनी हट्ट सोडला. मला ते ठाऊक होतं आणि मी वायरी जुळवत त्यांच्या मागे उभा होतो. अध्यक्षांनी फीत कापली आणि दुसरी-तिसरीतल्या एका मुलीला मशीनपुढे बसवलं. दोन वेण्या, रिबिनी, अतिशय खूश. पहिलं उत्तर बरोबर आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला तिने दुसरा रस्ता घेतला.

स्पीकर मोठे होते. मीच आणले होते.

ती दचकली आणि तिने माउसवरून हात काढून घेतला. मग मागे वळून पडद्याकडे न बघता सरांकडे बघितलं. आधी तिथे ते भाषणात दोन शब्द बोलले होते, आवाज तिला ओळखीचा झाला होता.

सर खुर्चीवरून उठले, तिच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "मी नाय बोललो, बाळ."

ती म्हणाली, "तुमचाच आवाज आहे की, सर."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने जे ऐकलं ते सांगितलं. पण सर बोलायला लागले तशी ती खुर्चीत मागे सरकली, हे मी पाहिलं, आणि सरांनीही पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. मी वाट बघत होतो की आता हा माणूस मला फाडून खाईल. दादांना फाडलं होतं तसं. त्यांनी फक्त विचारलं, "साउंडवाले, हा शब्द माझ्याकडून कुठनं घेतला? मी तर दिला नव्हता."

ती वेळ होती. त्यांना सगळं सांगायचं, ते ओरडतील ते ऐकून घ्यायचं, आत जाऊन वायरी उपटायच्या, एवढंच करायचं होतं. मी म्हणालो, "सर, तुमच्याकडनं नाही. कॉम्प्युटरला पुष्कळ आवाज दिला की तो नवे शब्द आपोआप बनवतो."

"मशीन बनवतं असं?"

"हो सर."

त्या काळात मशीन असं काही बनवत नव्हतं. आज बनवतं, आज कुणीही यावर विश्वास ठेवील. सरांनी तेव्हा ठेवला. किंवा ठेवल्यासारखं केलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, मग मी आवाज द्यायलाच नको होता. आणि ते गेले. कंपनीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

परवा सुजाताचा पुण्याहून फोन आला. ती आता मोठ्या जागेवर आहे, तिचीही मुलं मोठी झाली. ते व्हिडिओ तिनेही पाहिले. बोलता बोलता म्हणाली, "काका, गावं अजून सीडीत तशीच आहेत. मी पुसली नव्हती. रस्ता तेवढा बंद केला होता." मग म्हणाली, "तुम्ही मला म्हणाला होता की सरांना विचारलंय."

मी तिला खरं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की सरांना तरी सांगितलं का. त्याचंच उत्तर द्यायचं राहिलंय.

मी एकदा गेलो होतो. कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. सर खूप थकलेत असं कुणीतरी सांगितलं, म्हणून एका सकाळी बसने घाट चढून खुलताबादला गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये मनातल्या मनात बसवत होतो. घर दर्ग्याच्या मागच्या गल्लीत. त्यांच्या पुतण्याची बायको दारात गहू निवडत होती. मी आवाज देणार तोच तिने मला हळू बोलायची खूण केली. म्हणाली, "आत पोरं असली की ते बोलत नाहीत. कुणाला बोलूबी देत नाहीत."

मला कळेना. मग तिनेच सांगितलं. ती सीडी खुलताबादेतही बऱ्याच घरांत आली होती. गल्लीतली पोरं भिंतीआडून त्यांनाच तो शब्द ओरडायची. ते सरांनी मनावर घेतलं नाही. पण जी पोरं गणितं घेऊन यायची ती त्यांचा आवाज ऐकला की दचकायची. तेव्हापासून ते पोरांसमोर बोलायचे बंद झाले. शिकवणं सुरूच होतं. चिंचोके, खडू आणि हातवारे.

बोलणं होईतो आतली पोरं पाट्या घेऊन बाहेर पडली आणि मी आत गेलो. अंगणात सर बाजेवर बसले होते. खूपच वाळले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "साउंडवाले." मग पुतण्याच्या बायकोला, "हे बघ, माझा आवाज यांच्याइतका स्वच्छ कुणी धरला नाय." मी खाली मान घालून बाजेच्या टोकाला बसलो. त्यांनी माझ्या गुडघ्याचं विचारलं, मुलाचं विचारलं. मी घसा खाकरला. म्हणालो, "सर, मला तुम्हाला एक सांगायचंय."

तेवढ्यात शेजारची एक लहान मुलगी पाटी घेऊन आत आली आणि आमच्या पायांशी बसली. सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांनी तिच्यापुढे चिंचोक्यांच्या ओळी लावल्या. ती मोजायची, पाटीवर लिहायची, त्यांच्याकडे बघायची. ते चिंचोके हलवून दुसऱ्या तऱ्हेने मांडायचे. ती पुन्हा मोजायची. तिला अजिबात घाई नव्हती. सरांनाही नव्हती. मी त्यांच्या इतक्या जवळ बसलो होतो की तपकिरीचा वास येत होता. एकदोनदा मी तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. त्या घरात मला गप्प बसायला लावण्याचा हक्क त्यांना मीच मिळवून दिला होता. परतीच्या बसची वेळ झाली. मी उठलो, त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाठीवर थाप मारली. मुलगी अजून मोजत होती.

पुन्हा येऊ असं म्हणत राहिलो. पुढच्या उन्हाळ्यात सर गेले.

बसमध्ये जे बसवलं होतं ते लांबलचक होतं, त्यात दादा होते, अध्यक्ष होते, माझ्या नोकरीची अडचण होती. आता त्यातलं थोडंच उरलंय. सर, मशीन काही बनवत नव्हतं. तुम्ही आम्हाला नाही म्हणालात, त्यातून तो शब्द मी कापून घेतला आणि तुमच्या तोंडी घातला. ती मुलगी तुमच्यापासून मागे सरकली ती माझ्यामुळे. मला माफ करा.